एकसारखं करून द्या

नवरा काय करतो असं कुणी विचारलं की मी सांगते, गाड्यांचं काळं करतो. ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग नीट समजावून सांगावं लागतं. गाडीला रंग न दिलेले काळे प्लास्टिकचे भाग असतात: बंपरची खालची कड, दारांवरची पट्टी, चाकांवरच्या कमानी, आरशाचा दांडा. चार-पाच वर्षं ऊन खाल्लं की हे भाग राखेसारखे पांढरट पडतात. बाकीचा रंग कितीही चकाकू दे, हे विटले की गाडी म्हातारी दिसते. ते पुन्हा काळे करायचे, हे यांचं काम. गाडी धुणं, घासणं, आतून झाडणं माझ्याकडे. एकवीस वर्षं आमचा संसार आणि धंदा असाच चालला: घाण माझ्या वाट्याला, कौतुक यांच्या वाट्याला.

जुन्या गाड्या विकणाऱ्या एका शेठचं यार्ड आहे. त्याच्या मागच्या भिंतीला लागून आमची पत्र्याची शेड होती. एक नळ, विजेचं एक बटण, दोन पिंपं आणि ब्रश वाळत घालायची एक तार. यार्डातले लोक यांना मौनी म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मला वाटलं होतं, यांना मी आवडले नाही. दुसऱ्या महिन्यात कळलं, यांना बोलणंच आवडत नाही. तेव्हापासून दोघांच्या वाटचं मी बोलते आणि वर बडबडी म्हणवून घेते.

पण काम करताना बघावं. गाडी समोर आली की हे आधी अंगठा जिभेला लावून ओला करायचे आणि विटलेल्या पट्टीवर घासायचे. ओल्या जागी काळं दिसलं तर वरचा थर तेवढा मेलाय, आत जीव आहे. ओलं करूनही पांढरंच राहिलं तर हात जोडून गाडी परत. मग मी साबण आणि बारीक ब्रश घेऊन भिडायची. फेस तपकिरी यायचा थांबेपर्यंत घासायचं, कारण तेलाचा एक ठिपका जरी प्लास्टिकच्या खरबरीत दाण्यांत राहिला तरी वरचं काळं धरत नाही. बाकीचे लोक नुसतं चकाकणारं तेल फासतात. दोन दिवस गाडी घामेजल्यासारखी दिसते, आणि पहिल्या धुण्यात ते सगळं ओघळून रंगावर येतं. त्या लोकांबद्दल हे काही बोलायचे नाहीत, फक्त नाकपुड्या फुगवायचे.

यांचं काळं वेगळं. सहा वर्षं घालवली त्यापायी, आणि माझी दोन चांगली पातेली. गच्चीवर एक जुना बंपर टांगला होता. त्यावर हाताहाताएवढे पट्टे ओढायचे आणि उन्हात, पावसात सोडून द्यायचे. महिन्या-महिन्यानं साबण, रॉकेल, थिनर लावून पुसून बघायचं. फडका काळा झाला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एकदा थिनरनं खसाखसा पुसलं तरी फडका पांढराच राहिला. त्या दिवशी हे चक्क शीळ घालत जेवायला बसले. शीळ येते हे मला त्या दिवशी कळलं.

या कामात एक डोळा तयार होतो. विटलेलं प्लास्टिक बघून गाडी कुठल्या बाजूनं उन्हात उभी राहायची, झाडाखाली असायची की नाही, सगळं यांना दिसायचं. आणि आणखी एक गोष्ट दिसायची. एखाद्या गाडीचं सगळं पांढरट असतं आणि एकच दार काळं कुळकुळीत. म्हणजे ते दार नंतर बसवलेलं. म्हणजे गाडी कुठेतरी ठोकलेली. अशी गाडी आली की शेठ स्वतः शेडपर्यंत चालत यायचा, छपरावर दोन थापा मारायचा आणि म्हणायचा, ‘एकसारखं करून द्या.’ त्याचा अर्थ त्याला माहीत, आम्हाला माहीत. आम्ही मूग गिळून बसायचो. हे स्वतःशी म्हणत असतील की पट्टी माझी, गाडी त्यांची. मी तेवढाही विचार करत नव्हते. मला नळ दिसायचा, शेड दिसायची.

त्या शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास मी पिंप भरत होते. पुढच्या अंगणात एक निळी गाडी आणून उभी केली होती आणि बॉनेटवर लाल फीत बांधली होती. शेठ गिऱ्हाइकाला गाडी द्यायच्या दिवशी फीत बांधतो. ही निळी तीन आठवड्यांपूर्वी आमच्याच हाताखालून गेली होती, शेठच्या दोन थापा छपरावर खाऊन. तेवढ्यात फाटकातून आमच्या वन्सं आत आल्या. त्यांच्या मागे त्यांची मुलगी, हातात बँकेतून आणलेल्या कर्जाच्या कागदांची पिशवी आणि चेहरा असा उजळलेला की मला आधी वाटलं, हिचं लग्न ठरलं.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हे सहा वर्षांचे आणि त्या सोळाच्या. त्यांनीच यांना वाढवलं. भाची घरोघरी जाऊन लोकांना व्यायाम देते. पडलेली म्हातारी माणसं, हाडं मोडलेली माणसं. दिवसाला सहा-सात घरं, रिक्षा आणि बसनं. गाडी घ्यायची असं ती दोन वर्षं म्हणत होती.

‘मामी, मुद्दाम सांगितलं नव्हतं,’ ती म्हणाली. ‘मामांना चकित करायचं होतं. निळी घेतलीय मी. चारला सही.’

माझ्या हातातला पाइप खाली पडला आणि पाणी माझ्याच पायांवर वाहायला लागलं. गाडी कुणाला दाखवली होती का, असं मी विचारलं. कुणी मेकॅनिक वगैरे? ती हसली. शेठनंच तिला सांगितलं होतं म्हणे, गाडी तुमच्या मामाच्या हाताखालून गेलीय, आणखी काय दाखवायचंय? तिला ते पटलं. मलाही पटलं असतं.

हे शेडच्या दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. हातातला स्पंज घट्ट पिळला जात होता आणि काळं मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी त्यांना हाताला धरून पिंपांच्या मागे ओढलं. म्हटलं, आत्ता एक शब्द काढू नका. आज सही होऊ दे, रात्री घरी जाऊन शांतपणे सांगू, बदलून घेऊ दुसरी. मला माहीत होतं की सही झाली की शेठ काही बदलून देत नाही. तरी मी तेच बोलले, आणि वर आवाज चढवून बोलले. आमचं पोट त्या शेडवर होतं आणि माझी जीभ पोटाच्या बाजूनं चालली होती.

यांनी माझ्याकडे बघितलं आणि दोनच शब्द म्हणाले. ‘खांब कापलाय.’

हे मला माहीत नव्हतं. पट्ट्यांबरोबर हे दारांच्या कडेचं रबरही काळं करायचे. त्यासाठी उजवीकडचं रबर उचललं, तेव्हा खालचा खांब दिसला होता. दोन दारांच्या मधला तो खांब छप्पर पेलतो. बाजूनं कुणी येऊन धडकलं तर आतलं माणूस आणि बाहेरचं मरण यांच्यामध्ये तेवढाच असतो. तो कापून, तुकडा घालून, हातानं जोडला होता. दार बदलणं वेगळं आणि हे वेगळं. ठोकलेल्या पंचवीस गाड्या पुन्हा बेलाशक धावतात. कापलेल्या खांबाची गाडी फक्त दिसते गाडीसारखी.

मग मीही बोलले, कारण आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. याच गाडीच्या सीटखालून मला काचेचे कण मिळाले होते. साखरेएवढे बारीक, मूठभर. मी ते सुपलीत भरले आणि कचऱ्यात टाकले. यांना सांगितलं नाही. एका गाडीबद्दल आम्ही दोघांनी एकमेकांपासून दोन गोष्टी लपवल्या होत्या, आणि एका ताटात जेवत होतो.

पावणेचार झाले होते. कागद करणारा एजंट आला, टेबल बाहेर मांडलं गेलं. वन्सं खुर्चीत बसून पदरानं वारा घेत होत्या. हे शेडमध्ये गेले, थिनरची बाटली आणि एक पांढरा धुतलेला फडका घेऊन आले आणि सरळ निळ्या गाडीकडे चालू लागले. तेव्हा मला कळलं यांच्या मनात काय आहे. डावीकडची दारं पुसायची. खालचं पांढरट उघडं पडेल आणि उजवीकडची नवी दारं काळीच राहतील. मग एक शब्द बोलावा लागणार नाही, पोरीला डोळे आहेत. नंतर मी विचारलं, रबर का नाही उचललंत आधी? तर म्हणाले, गाडी शेठची होती, काळं माझं होतं. माझं तेवढं मी काढून घेत होतो.

ते डाव्या दाराशी उकिडवे बसले आणि पट्टी पुसायला लागले. भाचीला वाटलं, मामा शेवटचा हात फिरवतायत. तिनं कौतुकानं मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. हे पुसत होते. फडका उलटा केला, पुन्हा थिनर ओतला, पुन्हा पुसलं. अंगठ्याचं नख फडक्यात घालून जोर लावला. कपाळावरची शीर टरारून फुगली. फडका पांढराच्या पांढरा.

सहा वर्षं ज्याच्यासाठी घालवली होती ते समोर होतं. उन्हानं न जाणारं, पावसानं न जाणारं, थिनरनं न जाणारं. यांचं काम थोडं वाईट असतं तर, असं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

आणि शेठनं ते बघितलं. मोठ्यानं हसून त्यानं एजंटला आणि वन्संना जवळ बोलावलं. बघा म्हणाला, याला म्हणतात काम. आमच्या मौनीनं केलेलं काळं थिनरलासुद्धा दाद देत नाही, आणखी दहा वर्षं बघायला नको. वन्संच्या डोळ्यांत अभिमानानं पाणी आलं. त्या मला म्हणाल्या की याला लहानपणापासून हातात कला आहे. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

शेठ हसत होता, पण यांच्याकडे बघताना त्याचे डोळे हसत नव्हते. फडका कशासाठी आला ते त्यानं ओळखलं होतं. त्यानं घड्याळ बघितलं आणि एजंटला म्हणाला, चला, उरकून घेऊ. भाची टेबलाशी गेली. एजंटनं कागदावर तीन ठिकाणी बोट ठेवून दाखवलं. तिनं पेन उचललं.

मी यांच्याकडे बघत होते. ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. ज्या माणसानं एकवीस वर्षांत मला नावानं दोन-तीनदा हाक मारली असेल, त्याला भर अंगणात बोलायचं होतं. बोलावं तर मीच बोलावं असं वाटून मी तोंड उघडलंही, पण माझ्या तोंडूनही काही फुटेना. मी, बडबडी.

‘सही करू नकोस,’ हे म्हणाले.

आवाज इतका घोगरा आला की कोण बोललं ते बघायला भाचीनं आधी एजंटकडे बघितलं. शेठ लगेच मध्ये पडला. मौनी, ऊन लागलंय तुम्हाला, आत जाऊन बसा, असं तो अगदी मायेनं म्हणाला आणि यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग भाचीकडे वळून सांगायला लागला की घरच्या माणसाला घरच्यांचं बरं झालेलं कधी कधी बघवत नाही, बाई. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण हे त्याच्याकडे वळलेच नाहीत. खांद्यावरचा हात त्यांनी बाजूला केला, भाचीचं मनगट धरलं आणि तिला पेनसकट गाडीपाशी नेलं.

आधी डावं पुढचं दार उघडलं, रबर उचललं आणि तिचं बोट खांबाच्या कडेवर ठेवून वरून खाली फिरवलं. कारखान्यात पत्रा जोडताना तिथे गोल बारीक खड्डे पडतात, बोटाच्या पेरापेरावर, मोजून मापून केल्यासारखे. मग तिला पलीकडे नेलं. उजवं दार, उजवं रबर. पुन्हा तिचं बोट. वीतभर खड्डे होते. मग खड्डे संपले. मग बोट एका उंचवट्यावर अडकलं.

भाची दिवसभर लोकांच्या हाडांवरून बोटं फिरवते. मोडून जुळलेल्या हाडाला कुठे गाठ असते ते तिला डोळे मिटून कळतं. तिनं तो उंचवटा एकदा चाचपला, दुसऱ्यांदा चाचपला आणि मग खालच्या बाजूला तसलाच दुसरा असणार हे माहीत असल्यासारखं बोट सरळ तिथे नेलं. होता. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा उजेड गेला. टेबलापर्यंत चालत येऊन तिनं पेन कागदावर आडवं ठेवलं आणि पिशवी काखेत मारली.

मला वाटलं, संपलं एकदाचं. शेड जाणार हे दिसत होतं, पण जाऊ दे, पोर वाचली. मी तिला जवळ घ्यायला पुढे झाले, तर तिनं मला हातानंच थांबवलं. ती यांच्याकडे बघत होती.

‘मामा, तुम्हाला हे आजच कळलं?’

यांनी मान हलवली. नाही.

‘मग आज मी नसते आले तर? दुसरी कुणी आली असती तर?’

हे गप्प. यांच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार मला पाठ आहेत, पण हा मी कधी बघितला नव्हता. वन्सं खुर्चीतून उठल्या होत्या. ज्या भावाला त्यांनी हाताला धरून वाढवलं, त्याच्याकडे त्या अशा बघत होत्या की हा कोण असावा. शेठला तेवढंच हवं होतं. त्यानं टेबलावरचे कागद गोळा केले आणि अगदी शांतपणे म्हणाला, ‘विचारा, बाई. विकल्या मी. पण एकसारख्या कुणी केल्या?’

मला त्या पोरीचा राग आला. खरं तेच सांगते. जिच्यासाठी आम्ही आमची भाकरी लाथाडली, तिनं आमच्याकडे असं बघावं? वन्सं आणि ती फाटकातून बाहेर गेल्या, रिक्षा थांबली, रिक्षा गेली, तोवर मी मनातल्या मनात तिला बरंच काही ऐकवलं. राग ओसरायला संध्याकाळ लागली. ओसरल्यावर खाली तिचा प्रश्न तसाच होता.

सामान उचलायला आम्हाला तासभर दिला गेला. दोन बादल्या, ब्रश, गरम हवेची मशीन, चिकटपट्ट्यांची रिळं आणि यांच्या काळ्याच्या नऊ बाटल्या. बाटल्या यांनी घेतल्या नाहीत. मी घेऊ लागले, तर हातातून काढून तिथेच ठेवल्या. यार्डातले लोक काम असल्यासारखे इकडेतिकडे झाले, एकानं तेवढं फाटक उघडून धरलं.

घरी आल्यावर हे ओट्यावर बसले. मी पाणी नेऊन दिलं. पेला त्यांनी न पिताच बाजूला ठेवला. मग बोटांवर काहीतरी मोजायला लागले. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली, पुन्हा पहिल्याचं एक बोट दुमडलं.

‘अकरा असतील,’ ते म्हणाले.

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नव्हतं, अकरा तर अकरा. पण प्रत्येक गाडी मी घासली होती, कुठल्या दाराचा फेस तपकिरी आला आणि कुठल्या दाराचा पांढराच राहिला ते माझ्या हातांना ठाऊक होतं.

‘चौदा,’ मी म्हटलं.

चौदांपैकी दहा कुठे गेल्या देव जाणे. तीन गाड्यांचा पत्ता शोधला तर सापडेल. एकीचा शोधायची गरज नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान चालवणारी बाई, तिची लाल गाडी, डावीकडची दोन्ही दारं. त्या गाडीचं रबर यांनी उचलून बघितलेलं नाही. खांब शाबूत असेलही, नसेलही. ती रोज सकाळी मुलाला डावीकडे बसवून शाळेत सोडायला जाते आणि मला बघून हात करते. मीही करते.

दुकान आठला बंद होतं. साडेसातला आम्ही तिच्या पायरीवर उभे होतो, हे पुढे आणि मी मागे.